खोंडाचे दात बघतो, पोराच्या तोंडात कोण बघतं?

माणदेशी_खिलार (आटपाडी)

खरसुंडीच्या बाजारात शिंगं, वशिंड, खूर सगळं बघून होतं, पण खोंडाची किंमत ठरते ती तोंड उघडल्यावर. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, एका हातानं वेसण धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढतो आणि लगेच सांगतो: आदत, दुसा, चौसा, सहादाती, नाहीतर जुळलेला. आमच्या भागात गोठ्यात वाढलेल्या पोरालाही एवढं कळतं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. वासराला खालच्या जबड्यात पुढं ८ दुधाचे दात असतात, बारीक आणि पांढरेशुभ्र. ते पडत जातात आणि त्यांच्या जागी मधल्या जोडीपासून बाहेरच्या बाजूला जोडीजोडीनं पक्के दात येतात. एकही पक्का दात आला नाही तोवर आदत. देशी जनावरात पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला येते, तो दुसा. पुढं वर्षाच्या आतबाहेर एकेक जोडी येत जाते आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही पक्के होतात, म्हणजे जनावर जुळलं. त्यानंतर वय ओळखायचं ते झिजेवरून. धार जाते, माथा सपाट होतो, फटी पडतात आणि म्हाताऱ्या बैलाच्या तोंडात शेवटी आखूड खुंट्या उरतात. पक्का दात दुधाच्या दातापेक्षा चांगलाच रुंद असतो, रंगानं जरा पिवळट असतो. दोन्ही शेजारीशेजारी असले की नवख्यालाही फरक दिसतो.

आता मुद्द्याचं. माझ्या बहिणीचा मुलगा दुसरीत आहे. शाळेतल्या तपासणीत त्याची खालची, सगळ्यात मागची दाढ किडलेली निघाली. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, दुधाची आहे, पडून जाईल. दंतवैद्यांनी सांगितलं, ही पक्की दाढ आहे, सहाव्या वर्षी येते आणि आयुष्यभर तीच वापरायची असते. ज्या घरात कुठल्या खोंडानं कधी दात पाडले हे तोंडपाठ आहे, त्या घरात पोराला पक्की दाढ आली कधी याचा कुणाला पत्ता नाही. ही एका घरातली गोष्ट नव्हे. म्हणून हा धागा काढला. माणसाचे, जनावराचे, रानातल्या प्राण्यांचे, दातांबद्दल ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. डॉक्टर मंडळींनी तर जरूर लिहा.

कृष्णाकाठ_वाळवा

फार गरजेचा विषय. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेल्या एका मित्रानं पहिली गाय घेतली आणि दुसऱ्या दिवशी घाबरून फोन केला, गाईला वरचे दातच नाहीत, फसवलं. त्याला समजावताना माझ्या लक्षात आलं की वरचे दात नसतात एवढंच आपल्याला माहीत आहे. ते का नसतात आणि त्यांच्याशिवाय गाय चारा तोडते कशी, हे कुणी सांगेल का?

गुरांचा_डॉक्टर (खटाव)

सांगतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांना वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, दुधाचेही नाहीत आणि पक्केही नाहीत. त्या जागी हिरडीची घट्ट, चिवट गादी असते. गाय जीभ बाहेर काढते, गवताच्या पेंडक्याभोवती गुंडाळते, आत ओढते, खालचे दात आणि वरची गादी यांत दाबून धरते आणि मानेला झटका देऊन तोडते. त्यामुळं अगदी बुटकं गवत तिला नीट खाता येत नाही. मेंढीचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला आणि हलता असतो, म्हणून मेंढी जमिनीलगतचं गवत कुरतडू शकते. गाईनं सोडलेल्या माळावर मेंढरं पोट भरतात ती यामुळं.

एकूण दात मोजले तर गाईचे ३२ आणि माणसाचेही ३२. मांडणी मात्र साफ वेगळी. गाईचे खाली पुढं ८, बाकीचे २४ मागं दाढांच्या रांगांत. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. औषध पाजताना आपण तिथूनच बोट घालतो.

खरं काम दाढांचं. गाय खाताना फारसं चावत नाही, भराभर गिळते आणि मग बसून रवंथ करते. दिवसाचे सात-आठ तास त्यात जातात. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून ती एका वेळी एकाच बाजूनं, आडवा जबडा फिरवत दळते. दाढेत तीन वेगवेगळे थर असतात आणि त्यांचा कठीणपणा सारखा नसतो. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थराच्या कडा वर राहतात. टाकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत पृष्ठभाग तिथं आयुष्यभर आपोआप तयार होत राहतो.

न चावता गिळण्याचा तोटाही आहे. कडबाकुट्टीत तारेचा तुकडा किंवा खिळा आला तर तो गाईला तोंडात वेगळा काढता येत नाही. तो थेट पोटात जातो आणि जाळीच्या पोटात अडकतो. पुढं पडद्याला भोक पाडून हृदयापर्यंत पोचू शकतो. बांधकामाच्या जागेजवळचा चारा, पेंढ्या बांधायची तार, छपराचे खिळे, यांच्याकडं नीट बघा.

दाढेचं दुखणं ओळखायचं कसं? जनावर चघळलेला चारा तोंडातून खाली टाकतं, मान वाकडी करून एकाच बाजूनं चावतं, तोंडाला घाण वास येतो, शेणात लांब काड्या आणि अख्खे दाणे दिसतात, भूक असूनही वाळत जातं.

हे दिसलं म्हणून तोंडात हात मात्र घालू नका. दाढांमध्ये बोट सापडलं तर चुरा होतो. दुसरा धोका त्याहून मोठा. लाळ गळतेय, गिळता येत नाही, घशात काहीतरी अडकलंय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ती पिसाळी, म्हणजे रेबीज असते. लाळेतून तो रोग हाताच्या बारीक जखमेतूनही शिरतो. असं जनावर दिसलं की हात लावायच्या आधी डॉक्टरला बोलवा. हात आधीच घातला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

शर्यतशौकीन (कराड)

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद प्रत्येक गोठ्यात लावून ठेवायला हवा.

आमच्या बैलगाडा शर्यतीचे गटच दातांवर चालतात. आदत, दुसा, चौसा आणि मग खुला गट. २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अटींवर परवानगी दिली, २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. तेव्हापासून मैदानं पुन्हा भरली आणि दात तपासण्यावरून होणारे वादही परत आले. एक विचारतो. एकाच महिन्यात जन्मलेली दोन खोंडं, एक दुसा झालाय, दुसरा अजून आदत. असं होतं का, का त्यात काही गडबड असते?

गुरांचा_डॉक्टर (खटाव)

होतं. जात, खुराक, लहानपणीची आजारपणं, सगळ्याचा फरक पडतो. काही महिन्यांचं मागंपुढं अगदी नेहमीचं आहे. संकरित जनावरं देशीपेक्षा लवकर दात पाडतात. दातावरून वय कळतं ते अंदाजे, जन्मतारीख कळत नाही. गटासाठी ती खूण सोयीची आहे, कारण ती सगळ्यांसमोर बघता येते. पण दोन खोंडांत एवढा फरक दिसला म्हणून मालकावर लगेच खोटेपणाचा आळ घेऊ नये.

माडग्याळी_मेंढरं (जत)

मेंढरांचं मी सांगतो. पहिली जोडी वर्ष ते दीड वर्षात, आणि साडेतीन-चार वर्षांपर्यंत चारही जोड्या. कळप विकत घेताना आमचे लोक एकेक मेंढी धरून तोंड बघतात, कारण खरं नुकसान म्हातारीत असतं. दात पडलेली, बोळक्या तोंडाची मेंढी माळावरच्या खुरट्या गवतावर जगत नाही. तिचं अंग चांगलं असतं, कूस चांगली असते, फक्त तोडायला दात नसतात. अशा मेंढीला भरडा, मऊ पाला दिला तर एखाद-दुसरं वेत आणखी निघतं. ज्याचा कळप लांबच्या वाटेवर फिरतो त्याला हे जमत नाही, म्हणून तो आधीच विकतो. दुष्काळात तर आधी या बोळक्याच खचतात.

दातांची_डॉक्टर (मिरज)

धागा वाचून फार बरं वाटलं. माणदेशी दादांनी ज्या दाढेबद्दल लिहिलंय, त्या दाढेसाठी मी रोज पालकांना समजावत असते, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलाला दुधाचे २० दात असतात. सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. त्यात दाढा ८, वर-खाली प्रत्येक बाजूला दोन. साधारण सहाव्या वर्षी या सगळ्यांच्या मागं, मोकळ्या हिरडीतून, चार नव्या दाढा येतात. त्या कुठल्याच दुधाच्या दाताच्या जागी येत नाहीत. काही पडत नाही, रक्त येत नाही, मूल तक्रार करत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. पुढचा दात पडला की सगळं घर बघतं, आणि चघळण्याचं सगळ्यात जास्त काम करणारी दाढ गुपचूप येऊन बसते.

या दाढेच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात. ब्रशचा केस त्यांच्या तळाशी पोचत नाही. नवी दाढ वर यायला काही महिने लागतात, तोवर ती बाकीच्या दातांपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. म्हणून कीड तिथंच आधी लागते. या खाचा बंद करणारा एक लेप असतो, त्याला सीलंट म्हणतात. भूल नाही, कोरणं नाही, दुखत नाही. दाढ पूर्ण वर आली की लावून घ्यावा.

एनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, त्यात साधारण ९६ टक्के खनिज असतं. पण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, एनॅमलला पडलेलं भोक मात्र शरीर पुन्हा भरत नाही. अगदी सुरुवातीचा पांढरा डाग असेल तर लाळेतली खनिजं आणि फ्लोराइड यांनी तो थांबतो. भोक पडल्यावर ती वेळ गेलेली असते.

टॉर्च घ्या आणि मुलाला खिडकीपाशी बसवून आ करायला सांगा. खालच्या जबड्यात मधल्या रेषेपासून मागं मोजत जा. पाचवा दात म्हणजे दुधाची शेवटची दाढ. त्याच्या मागं सहावा दिसला तर ती पक्की.

तासगावचा_बागायतदार

डॉक्टरताई, राग मानू नका, पण दुधाचे दात पडणारच असतात, त्यावर पैसे का घालायचे? आमच्या आजोबांनी कधी ब्रश बघितला नाही, राखुंडीनं आणि बाभळीच्या काडीनं दात घासले, म्हातारपणापर्यंत हरभरे फोडून खायचे.

दातांची_डॉक्टर (मिरज)

राग कसला, हा प्रश्न रोज येतो. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांना पडतात, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ तशीच ठेवली तर मूल पाच-सहा वर्षं त्या दुखण्यासह जेवणार. तिच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते. आणि ती लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढं सरकते, पक्क्या दाताची जागा जाते आणि तो वाकडा येतो.

आजोबांच्या दातांचं श्रेय राखुंडीला नाही, त्यांच्या खाण्याला आहे. भाकरी, कोरड्यास, दिवसातून दोन-तीनदाच जेवण, मधल्या वेळेत तोंडात काही नाही. कीड किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यावर जास्त अवलंबून असते. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल बनवतात आणि पुढचा अर्धा-पाऊण तास एनॅमलमधलं खनिज विरघळत राहतं. मग लाळ ते हळूहळू सावरते. दर तासाला बिस्कीट, चहा, गोळी चालू असेल तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. राखुंडी आणि विटेची पूड दात झिजवतात. काडी चालेल, पण ती दाढांच्या मागच्या बाजूला पोचत नाही.

इथं दोन साखर कारखान्यांच्या मधलं गाव नाही असं क्वचितच असेल, म्हणून गुळाचंही सांगते. गूळ, काकवी, मध, साखर, कीड करणाऱ्या जंतूंना सगळं सारखंच. बेदाणाही चिकट, खाचेत बसतो. द्यायचा तर जेवणाबरोबर द्या, दिवसभर खिशात नको. आणि रात्री बाळाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली ठेवून झोपवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, दूध तसंच राहतं आणि वरचे पुढचे चार दात दोन वर्षांच्या आतच तपकिरी होऊन मोडतात.

गुरांचा_डॉक्टर (खटाव)

याच मुद्द्याला जोडून. गाईचे दात किडलेले फारसे दिसत नाहीत. मोठी गाय दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ गाळते आणि त्यात खाण्याचा सोडा भरपूर असतो, त्यामुळं तोंडात आम्ल टिकत नाही. दाढा झिजतात पण किडत नाहीत. कुत्र्याचंही तसंच, त्याच्या लाळेत आम्ल टिकत नाही. त्याला त्रास होतो तो हिरड्यांचा.

कोयनाखोरे

मग कुत्र्याचे दात घासायचे का? आणि हाडं द्यावीत का?

गुरांचा_डॉक्टर (खटाव)

घासता आले तर फार चांगलं, पिल्लू असल्यापासून सवय लावा. माणसाची टूथपेस्ट मात्र वापरू नका. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे. फार टणक हाडांनी वरची मोठी दाढ चिरफळते. एवढी मोठी भेग पडली तरी कुत्रं खात राहतं, म्हणून मालकाला कळत नाही. डोळ्याखाली सूज आली की ती दाढ तपासा. पिल्लाचे २८ दुधाचे दात चार ते सहा महिन्यांत पडतात आणि ४२ पक्के येतात. त्या काळात ते चपला कुरतडतं, त्याला मारू नका.

सुनबाई_कराड

मला वेगळंच विचारायचं आहे. सासूबाई पन्नास वर्षांच्या वर मिश्री लावतात. सकाळी, जेवणानंतर, दुपारी, झोपताना. म्हणतात दात घट्ट राहतात. हिरड्या खाली गेल्यात, मुळं उघडी पडलीत, गार पाणी सहन होत नाही, तरी सोडत नाहीत. आता नातीला दाढ दुखली तर तिलाही चिमूटभर लावायला निघाल्या होत्या. मी हात धरला, तर घरात दोन दिवस अबोला. मी चुकले का?

दातांची_डॉक्टर (मिरज)

अजिबात चुकला नाहीत. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं, म्हणून ती लावल्यावर दुखणं थोडा वेळ कमी झाल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच ती सुटत नाही. लहान मुलीला ती कधीच नाही. गरोदर बाईनं लावली तर बाळाचं वजन कमी भरतं, हेही घरातल्या सगळ्या बायकांना सांगा.

आपल्या भागात तंबाखू न खाणाऱ्या, विडी न ओढणाऱ्या कितीतरी बायका मिश्री लावतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. सासूबाईंना ओरडून उपयोग होणार नाही, सवय शरीराला लागलेली आहे. एकदम बंद होत नसेल तर दिवसातल्या वेळा कमी करा, पहिल्यांदा झोपतानाची बंद करा. उघड्या मुळांसाठी वेगळी पेस्ट मिळते, तिनं गार पाणी लागणं कमी होतं आणि आराम पडला की मिश्रीची गरजही कमी वाटते. पण आधी एक करा. त्या मिश्री जिथं लावतात ती जागा, गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडा उजेडात बघा. पांढरा न पुसला जाणारा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही.

नातीसाठी तात्पुरतं म्हणून लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्याला किंचित लावून दाढेच्या भोकावर ठेवा, हिरडीवर नको आणि गिळू देऊ नका. त्यानं बधिरपणा येतो, कीड तशीच राहते. वेदनाशामक गोळी हिरडीशी दाबून ठेवायची चूक लोक करतात, त्यानं आतली कातडी भाजते.

सुनबाई_कराड

धन्यवाद ताई. उद्याच बघते.

बत्तीस_शिराळा

सापांच्या दातांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. नागाचे विषदंत आखूड असतात, वरच्या जबड्यात पुढं पक्के बसलेले. घोणशीचे लांब, आतून पोकळ, आणि तोंड मिटलं की टाळूला लागून आडवे होतात. मण्याराचे इतके बारीक की रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावलेलं कळतही नाही, सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजतात. धामणीला विषदंत नाहीत, पण मागं वळलेले बारीक दात रांगेनं असतात, एकदा धरलेला उंदीर सुटत नाही.

गारुड्यानं दात काढलाय म्हणून नाग निर्धोक, हा समज सोडा. मागं राखीव विषदंत तयारच असतात आणि ते आयुष्यभर पुन्हा येत राहतात. दोन खुणा म्हणजे विषारी आणि जास्त खुणा म्हणजे बिनविषारी, हेही धरून चालू नका. कधी एकच खूण उमटते, कधी ओरखडाच दिसतो. चिरा मारू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं एकच औषध असतं, साप मारून न्यायची गरज नाही.

भिलवडी_घाट

आमच्या कृष्णेत मगरी आहेत, म्हणून एक भर. मगरीला साठाच्या वर दात असतात पण चावून खायला एकही नाही. धरणं एवढंच त्यांचं काम. मग ती अंग गरकन फिरवून तुकडा तोडते. पडलेल्या दाताच्या जागी नवा येतो, जन्मभर. काठावर आ वासून पडलेली मगर हल्ला करायच्या बेतात आहे असं लोक समजतात. ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. तरी पाण्याच्या कडेला धुणं धुताना अंतर ठेवाच, उन्हाळ्यात जास्त.

औंधचा_वाचक

औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात हस्तिदंतावरचं कोरीवकाम आहे. ते बघणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं की हत्तीचा सुळा हा सुळा नाहीच, वरचा पुढचा दात आहे, आणि त्याचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीत असतो. म्हणून पूर्ण दात मिळवायला हत्ती मारावा लागायचा. त्याच्या दाढांची गोष्ट आणखी विलक्षण. आयुष्यात सहा खेपा दाढा येतात, पण खालून वर नाही, मागून पुढं सरकत. पुढची दाढ झिजून तुकडे होऊन पडते आणि मागची तिची जागा घेते. सहावी खेप झिजली की साठीच्या आसपासचा हत्ती चारा समोर असून उपाशी मरतो. माडग्याळच्या मेंढीचं वाचलं आणि हेच आठवलं.

उसातला_पाटील (इस्लामपूर)

उंदराचं मी लिहितो. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि एनॅमल फक्त पुढच्या बाजूला, त्यामुळं मागची बाजू आधी झिजून धार आपोआप राहते. तो ऊस कुरतडतो ते खाण्यासाठी आणि दात आखूड ठेवण्यासाठीही. एकेका कांडीवर शेजारीशेजारी दोन खोबणी दिसतात, त्या त्याच दातांच्या.

शर्यतशौकीन (कराड)

मैदानात पडून परवा एका पोराचा पुढचा पक्का दात मुळासकट निघाला. लोकांनी तो मातीत टाकून दिला. तो परत बसवता येतो का?

दातांची_डॉक्टर (मिरज)

येतो, आणि हे प्रत्येक मैदानावर, प्रत्येक शाळेत माहीत असायला हवं. दात शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा पाण्यानं काही सेकंद हलकेच धुवा, घासू नका, फडक्यानं पुसू नका. जमलं तर तिथंच खोबणीत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर थंड दुधात टाका, साध्या पाण्यात ठेवू नका. अर्ध्या तासात दंतवैद्याकडं पोचलात तर दात जगण्याची शक्यता चांगली, तासानंतर ती झपाट्यानं कमी होते. मुळावरच्या पेशी जिवंत असतील तरच दात पुन्हा धरतो. हे फक्त पक्क्या दाताचं. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, खालच्या दाताला इजा होते.

माणदेशी_खिलार (आटपाडी)

सगळ्यांचे आभार. बहिणीच्या मुलाची दाढ वाचली, वेळेत भरली गेली. बाकीच्या तीन दाढांना सीलंट लावून घेतलं. चौकशी करताना कळलं की अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, २०१३ पासून चालू आहे, आणि किडलेले दात बघणं त्यांच्या यादीत आहे. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि नंतर कागदावर काय लिहिलंय ते वाचा. आमच्या शाळेत तो कागद अनेक दप्तरांत तसाच पडला होता.

सुनबाई_कराड

चट्टा नाही, दोघी जाऊन दाखवून आलो. सासूबाईंनी झोपतानाची मिश्री बंद केली आहे. ताई, एक शेवटचं. टॉर्चनं बघताना मुलीच्या खालच्या पुढच्या दातांच्या मागं दुसरी रांग दिसली, दोन दात. दुधाचे अजून तसेच आहेत. काय करायचं?

दातांची_डॉक्टर (मिरज)

सहा-सात वर्षांच्या मुलांत हे नेहमी दिसतं, घाबरू नका. खालचे पक्के दात जिभेच्या बाजूनं वर येतात. दुधाचा दात हलत असेल तर तिला स्वच्छ बोटानं रोज हलवायला सांगा, गाजर, पेरू, भाकरीचा पापुद्रा त्या बाजूनं चावू द्या. तो पडला की जीभ मागच्या दाताला पुढं ढकलते आणि बहुतेक वेळा तो जागेवर येतो. दोन-तीन महिन्यांत दुधाचा दात हललाच नाही किंवा नवा पूर्ण वर आला तरी जुना घट्ट असेल, तर घेऊन या, तो काढावा लागेल. तोवर दोन्ही रांगांच्या मधला भाग ब्रशनं तुम्ही स्वतः घासा, तिच्यावर सोडू नका. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. थुंकायला सांगा, नंतर चूळ भरू नका.